पाणी डाव्या हाताला: कील्डरच्या काठाने सायकलवर

इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेला लागून कील्डर नावाचा मोठा जलाशय आहे. त्याला पूर्ण फेरी मारणारी एक वाट आहे, लेकसाइड वे. लांबी साधारण ४२ किलोमीटर, बारीक खडी दाबून केलेली, आणि तिच्यावर मोटारींना मज्जाव. पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले एवढ्यांनाच ती मोकळी. न्यूकॅसलला राहायला आल्यापासून मी इथे वरचेवर येतो, पण यंदाच्या जूनमध्ये मामा बरोबर होते आणि त्यामुळे हीच वाट मला वेगळी दिसली.

मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. सायकल त्यांनी लहानपणापासून चालवली आहे, आता गुडघ्यांमुळे चढ झेपत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल भाड्याने घेतली. माझी ग्रॅव्हल बाइक: वाकडं हॅण्डल, ४० मिलिमीटरचे टायर. हवा मी मुद्दाम कमी ठेवतो. खडीवर टायर टणक असला की तो दगडावरून उडतो. थोडा मऊ असला की दगडाला धरून चालतो आणि मनगटंही दुखत नाहीत.

आम्ही दक्षिण काठावरच्या टॉवर नो इथून निघालो, आधी धरण ओलांडायचं आणि उत्तर काठ धरायचा असं ठरवून. अशा फेरीत पाणी शेवटपर्यंत डाव्या हाताला राहतं. उत्तर काठाला गाडीरस्ता नाही, हॉटेल नाही, फोनला रेंज मिळाली तर मिळाली. तो भाग पाय ताजे असताना उरकावा हे माझं ठाम मत आहे. धरणाच्या माथ्यावरच काय ती वाहनं भेटतात, कारण पलीकडच्या वाहनतळाकडे जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात.

माथ्यावर मामा उतरलेच. "मातीचं धरण आहे. आत चिकणमातीचा गाभा असणार," ते म्हणाले. तसंच आहे. उंची ५२ मीटर, लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त.

"साठा किती?"

"दोनशे अब्ज लिटर. ब्रिटनमधला सगळ्यात मोठा मानवनिर्मित जलाशय, मामा."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे सात टीएमसी. आपलं पानशेत साडेदहाच्या पुढे आहे रे."

त्यांचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित होता: कालवा कुठाय? इथे कालवा नाही. पाणी नॉर्थ टाइन नदीत सोडतात, ते नदीतूनच खाली जातं, मग रायडिंग मिल इथे उपसून बोगद्यातून पार वेअर आणि टीस नद्यांपर्यंत पोचवता येतं. टीसकाठच्या पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांना पाणी कमी पडेल या अंदाजाने हे धरण बांधलं. १९८२ साली राणीच्या हस्ते उद्घाटन झालं, तोवर त्या कारखान्यांनाच उतरती कळा लागली होती. मामा बराच वेळ सांडव्याकडे बघत उभे होते. मग विचारलं, "उठवले किती लोक?" आकडा मला सांगता आला नाही. घरं गेली, शेतं गेली, प्लॅशेट्सचं रेल्वे स्टेशन पाण्याखाली गेलं, एवढं सांगितलं.

धरण ओलांडलं की बेलिंग नावाचं भूशिर लागतं. तिथे पाण्याकाठी दगडांवर दगड रचून, चुना-सिमेंट न वापरता बांधलेली एक घुमटी आहे, वेव्ह चेंबर. वाकून आत जायचं आणि दार ओढून घ्यायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की पायाखालची फरशी हलायला लागते. घुमटीच्या माथ्यावर आरसा आणि भिंग बसवलंय, त्यातून बाहेरच्या तलावाच्या लाटा खाली उतरतात. मामांनी पाय उचलून बाजूला ठेवला, खरंच पाणी आल्यासारखा. वीज नाही, यंत्र नाही. ऊन असेल तरच नीट दिसतं, म्हणून ढग असतील तर थोडं थांबा, घाई करू नका.

तिथून पुढे खरी सायकल सुरू होते. वाट सपाट नाही, हे आधी सांगायला हवं. प्रत्येक ओढ्यापाशी ती खाली उतरते, पूल ओलांडते आणि लगेच वर चढते. छोटे पण खडे चढ, एकामागून एक. उतारावर वळणापाशी खडी सैल झालेली असते, तिथे पुढचा ब्रेक दाबायचा नाही. पण मागून हॉर्न नाही, आरशात बघायला नको, कडेला सरकायला नको. आम्ही जोडीने चालवत होतो आणि गप्पा मारत होतो. पुण्यात मामांच्या बरोबर सायकलवर असं बोलता येईल असा रस्ता मला आठवत नाही. भाच्याला एरवी न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी त्या पट्ट्यात सांगितल्या.

उजव्या हाताला जंगल. हेही माणसाने लावलेलं. पहिल्या महायुद्धात लाकूड संपत आलं, म्हणून १९१९ मध्ये ब्रिटनने फॉरेस्ट्री कमिशन स्थापन केलं आणि १९२६ पासून या उजाड माळांवर झाडं लावायला घेतली. आज ६०० चौरस किलोमीटरांहून मोठं हे जंगल आहे, त्यातली बहुतेक झाडं सिटका स्प्रूसची, मूळची उत्तर अमेरिकेतली. ओळीत लावलेली, इतकी दाट की खाली गवतही उगवत नाही. मला ही झाडी सुंदर वाटते असं मी म्हणणार नाही. पण तिचा एक मोठा उपकार आहे: इंग्लंडमधल्या तांबड्या खारींपैकी सुमारे निम्म्या इथे टिकून आहेत. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी बाकी देशातून त्यांना हुसकावलं, शिवाय देवीसारखा रोग पसरवला. करड्या खारींना या सूचिपर्णी झाडांच्या बारीक बियांवर पोट भरणं जमत नाही, तांबड्यांना जमतं. एक आम्हाला दिसलीही. खोडावर उलटी, कानांवर केसांचे झुपके, शंकूचे खवले दातांनी काढून खाली टाकत होती. खाली त्या खवल्यांचा ढीग पडला होता.

आणि ऑस्प्रे, आपली मोरघार. नॉर्थम्बरलँडमध्ये, म्हणजे कील्डर ज्यात येतं त्या परगण्यात, दोनेकशे वर्षांनी २००९ साली तिने पुन्हा घरटं केलं, ते इथेच. भिगवणला हिवाळ्यात मामांनी ती पाहिलेली, त्यामुळे पाण्यावर घिरट्या घालणारा पक्षी त्यांनीच आधी ओळखला. इथल्या मोरघारी मात्र हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेकडे जातात.

तलावाच्या वरच्या टोकाला बेकथिनचा बांध आहे. मुख्य जलाशयाची पातळी उतरली तरी या टोकाला चिखल उघडा पडू नये म्हणून तो घातलाय. त्याच्या वर १८६२ चा जुना रेल्वेपूल, सात कमानींचा आणि नदीला तिरका. त्यावरून आगगाडी जाऊन जमाना झाला. आता सायकल जाते. मामांनी कमानीखाली जाऊन दगड कसे कापलेत ते हात फिरवून पाहिलं. पूल तिरका असला की कमानीतला दगड नुसता चौकोनी कापून भागत नाही, हे त्यांनी मला तिथे बोटाने रेघा मारून समजावलं. पूल ओलांडून कील्डर गावात आम्ही डबा सोडला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू. जूनमध्ये इथे सावलीत बसू नका. वारा पडला की चिलटं डोळ्यांत-कानांत शिरतात. उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी बसायचं.

परतीचा दक्षिण काठ सोपा. लुइसबर्नचा झुलता पूल, लीप्लिशला चहा, बुल क्रॅगच्या भूशिराला वळसा. इथे मुलंबाळं, कुत्री, छोट्या सायकली भेटतात, तेव्हा वेग आवरा आणि घंटी वाजवा. घोडा दिसला तर आधी आवाज द्या, मगच पुढे व्हा.

बुल क्रॅगच्या बाकावर मी मामांना विचारलं, आपल्या धरणांना अशी वाट का नाही? मला वाटलं होतं ते पैशांचं कारण सांगतील.

"अरे, इथे बारा महिने पाऊस. काठ जागेवर राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पाणी किती आत जातं बघ, आणि मागे उरलेल्या ओल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. ज्याचं घर-शेत बुडालं, त्याला तेवढाच आधार. तुझी सायकल त्याच्या पिकातून न्यायची का?"

"मग काहीच नाही होणार?"

"होईल की. पूर्ण संचय पातळीच्या वरून न्यायची. वनखात्याच्या जुन्या वाटा आहेत, पाहणीचे रस्ते आहेत. जोडायचे. गावातल्या पोरांना सायकली भाड्याने द्यायचं काम द्यायचं. डांबर मात्र घालू द्यायचं नाही. डांबर आलं की मागोमाग गाड्या आल्या."

टॉवर नोला पोचलो तेव्हा मामांच्या सायकलच्या बॅटरीत बरीच धुगधुगी होती आणि त्यांना परत जायचं नव्हतं. जंगलात लाकडाच्या ट्रकांसाठी केलेले खडीचे रस्ते पार स्कॉटलंडपर्यंत जातात. त्यांवरच दर वसंतात डर्टी रीव्हर ही २०० किलोमीटरची ग्रॅव्हल राइड होते. झाडतोड चालू असली की त्या रस्त्यांवर वळणाचे फलक लावतात, ते पाळावेच लागतात. मामांनी माहितीफलकावरच्या नकाशाचा फोटो काढला, गावाकडच्या एका जुन्या सहकाऱ्याला पाठवायला ठेवला आणि मला म्हणाले, "उद्या त्या ट्रकांच्या रस्त्याने जाऊ. दशम्या जास्त कर."