दरवेश्याचं अस्वल आणि सेपिलोकची अस्वलं

सध्या सुट्टीवर गिरगावात आहे. "तुमच्या त्या बोर्निओत बघण्यासारखं काय गं?" या प्रश्नाला यंदा मी "अस्वलं" असं उत्तर दिलं, तर आत्या उडालीच. "त्यासाठी विमानाने जायचं? आमच्या वाडीत दरवेशी दारात आणायचा. वर केसाचा ताईतही मिळायचा!"

ते आपलं देशी अस्वल. मी सांगत होते ते सन बेअर, जगातल्या आठ जातींमधलं सर्वांत लहान. आखूड काळे केस, छातीवर पिवळसर चंद्रकोर. २०२३ मध्ये चीनच्या हांगझोउ प्राणीसंग्रहालयातलं जे अस्वल 'आत माणूस आहे' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, ते हेच.

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात, सेपिलोकला या अस्वलांचं संवर्धन केंद्र आहे. वोंग सिऊ टे या संशोधकाने ते २००८ मध्ये उभारलं, २०१४ पासून पर्यटकांना खुलं आहे. शेजारीच ओरांगउटानचं प्रसिद्ध केंद्र, म्हणून लोक अस्वलं जाता जाता उरकतात. तसं करू नका.

इथली बहुतेक अस्वलं पिल्लू असताना पकडलेली. शिकारी आईला मारतात, गोंडस पिल्लू कोणाच्या तरी घरी जातं, मोठं झालं की पिंजऱ्यात. वर्षानुवर्षं सिमेंटवर वाढलेल्या अस्वलाला मातीच माहीत नसते. केंद्रात कुंपण घातलेल्या जंगलाकडे दार उघडतात, पण काही जण कित्येक दिवस बाहेर येत नाहीत. मी पाहिलेल्या एकाने पुढचा पंजा पाचोळ्यावर ठेवला, वास घेतला आणि चटका बसल्यासारखा मागे ओढला. तेवढ्यात वर झाडावर दुसरं अस्वल लांबलचक नखांनी कुजकी फांदी फोडून वाळवी चाटत होतं. जीभ जवळजवळ २५ सेंटीमीटर! मान दुखेपर्यंत बघत राहिले.

सरळ सोडून का देत नाहीत? माणसाची भीती गेलेलं अस्वल वस्तीकडेच येणार, आणि पित्ताशयासाठी मारणारे टपलेलेच असतात. जंगल तोडून पाम तेलाचे मळे झालेत, ते वेगळंच. त्यामुळे मोजकीच अस्वलं ताबिनसारख्या अभयारण्यात परत गेली. बाकीच्यांचं घर आता हेच.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि दरवेश्यांच्या अस्वलांचं काय झालं?" त्यातली बरीच आग्र्याच्या आणि बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टाच्या केंद्रांत नेली. दात पाडलेले, नाकपुडं दोरीसाठी टोचलेलं. त्यांनाही जंगलात सोडता आलं नाही. "ताईत होता माझ्याकडे," आत्या म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.