तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ पोटातच गेलं, तिचं काय चुकलं?

बीड जिल्ह्यात तेवीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली, त्यामुळे लग्नात, बारशात कुणी ना कुणी बाजूला घेऊन हे विचारतंच, की सिस्टर, नऊ महिने भरले आणि बाळ पोटातच गेलं, असं कसं हो, ग्रहण पाळलं नसेल, नाहीतर पपई खाल्ली असेल.

ग्रहणानं गेलेलं बाळ मी अजून एकही पाहिलं नाही. बीपी वाढून गेलेली खूप पाहिली. शुगर, अंगात रक्त नसणं, इन्फेक्शन, तारीख उलटूनही घरीच थांबणं, आणि कधीकधी शोधूनही कारण सापडत नाही, हेही खरंय.

एक पोरगी आठवते, विशीतली, जानेवारीत साखर कारखान्यावरून आली, पाय सुजलेले, बीपी 170/110. कार्डावर दसऱ्यापर्यंतच्या नोंदी, पुढे सगळं कोरं, कारण दसरा झाला की टोळी ऊस तोडायला गेली. बाळ काल दुपारपासून हलत नव्हतं म्हणाली. मग कालच का नाही आलीस? तर खाडा पडला असता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती. आता यात तिचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा.

आणि मिश्री, म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू! तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही, कारण ती सासूपण लावते. मुंबईत गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, 2006 साली छापून आला, त्यात तंबाखू, मिश्री वापरणाऱ्यांमध्ये बाळ पोटात जायचा धोका अडीच पटीच्या आसपास निघाला. (सवय सुटत नाही हे मला माहितीय, माझी आई लावायची.)

जगात वर्षाला 19 लाखांच्या आसपास बाळं अशी जातात, त्यातली 40 टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यावर, म्हणजे घरातून निघताना ती जिवंत असू शकतात. म्हणून हालचाल कमी वाटली तर गोड खाऊन बघू, सकाळी बघू असलं करत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 ला फोन लावा.

त्या पोरीला सासूनं वॉर्डातच विचारलं, काय खाल्लंस गं? ती काही बोलली नाही. संध्याकाळी मला हळूच म्हणाली, सिस्टर, मला बघायचं होतं त्याला. तोवर चुलतसासऱ्यानं दुपट्यात गुंडाळून नेलं होतं.