तुम्ही विचारलंत म्हणून: धूमकेतूच्या पोटात रडारला काय दिसलं?

माझं काम रस्त्यावरचं. खणण्याआधी खाली पाण्याची लाइन, केबल, जुनं गटार कुठून गेलंय ते रडारनं शोधून द्यायचं. हे कळलं की ओळखीपाळखीतला कुणीतरी हमखास विचारतो, "ते धूमकेतूवर यान उतरलं होतं ना, त्याच्या पोटात रडारला काय दिसलं हो?" तत्त्व एकच असल्यामुळे मला आतली बातमी असणार, असा समज. आतली बातमी नाही, पण उत्तर आहे: काहीच दिसलं नाही. या विषयातला मला सगळ्यात जास्त पटलेला निकाल तोच आहे.

हे पटायला रडार नेमकं काय मोजतं ते आधी सांगायला हवं. पाइप किती खोल आहे हे आमचं यंत्र मोजतच नाही. रेडिओ लहर खाली जाऊन परत यायला किती नॅनोसेकंद लागले, एवढंच मोजतं. खोली आम्ही काढतो, आणि त्यासाठी मातीत लहरीचा वेग अमुक आहे असं धरून चालतो. कोरड्या वाळूत लहर झपाझप जाते, ओल्या मातीत रेंगाळते. वेग चुकीचा धरला की दीड मीटरवरचा पाइप कागदावर एक मीटरवर येतो. आणि पावसाळ्यात काळी माती असली तर विचारूच नका, लहर थोडं खाली जाते आणि जिरते. त्या मातीची आठवण ठेवा, ती पुढे मंगळावर लागणार आहे.

आता धूमकेतू. चुर्युमोव-गेरासिमेंको, म्हणजे ६७पी. रोझेटा यान त्याच्याभोवती होतं आणि १२ नोव्हेंबर २०१४ ला फिले नावाचं छोटं यान त्याच्यावर उतरलं. दोघांवर मिळून कॉन्सर्ट नावाचं एकच उपकरण होतं, अर्धं वर, अर्धं खाली. त्याची कल्पना फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या व्लोदेक कोफमान यांच्या गटाची. आमच्यासारखं प्रतिध्वनीची वाट बघायचं नाही. एका बाजूनं लहर सोडायची, ती धूमकेतूतून आरपार जाऊ द्यायची आणि दुसऱ्या बाजूला तिला किती उशीर झाला ते बघायचं. लहर ९० मेगाहर्ट्झची. आपण एफएमवर गाणी ऐकतो त्याच पट्ट्यातली.

उशीर किती म्हणाल, तर तो नगण्य निघाला. निर्वात पोकळीत लहरीचा वेग प्रकाशाचा. घट्ट बर्फात तो प्रकाशाच्या जवळपास ५७ टक्के उरतो. ६७पी मध्ये तो ८९ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे ५०० मीटर आतून जाताना लहर मागे पडली फक्त ०.२ मायक्रोसेकंद, घट्ट बर्फ असता तर याच्या सहापट मागे पडली असती. याचा अर्थ आत ७५ ते ८५ टक्के रिकामी जागा. कुरमुऱ्याचा लाडू समजा, फक्त गुळाच्या जागी धूळ आणि बर्फ. दुसरी गोष्ट, लहर बाहेर आली ती स्वच्छ, विस्कटलेली नव्हती. वाटेत दहा-वीस मीटरच्या गुहा किंवा खडक असते तर ती विखुरली असती. 'काही दिसलं नाही' म्हणतो ते हे. अर्थात लहर गेली ती धूमकेतूच्या दोन भागांपैकी धाकट्या भागाच्या एका कोपऱ्यातून. बाकीच्या पोटाबद्दल तिनं ब्र काढलेला नाही.

यात एक गंमत आहे. फिलेला जमिनीत रोवून धरणारे भाले, म्हणजे हार्पून, सुटलेच नाहीत, ते उसळ्या मारत ठरलेल्या जागेपासून किलोमीटरभर दूर, एका कपारीत जाऊन पडलं. अडीच दिवसांत बॅटरी संपली. नेमकं कुठे पडलंय कुणाला ठाऊक नाही, आणि लहर आतून किती लांब चालली हे कळायला जागा तर ठाऊक हवी! तेव्हा त्या गटानं एकाच मापातून दोन्ही सोडवायला घेतलं: लहरींच्याच आधारे फिलेची जागा एका अरुंद पट्ट्यापर्यंत आणली. २ सप्टेंबर २०१६ ला रोझेटाच्या कॅमेऱ्याला ते सापडलं.

मंगळावरची गोष्ट इतकी सरळ नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्सप्रेस यानावरच्या मार्सिस रडारची लहर लांबलचक, दीडशे मीटरचीही असते, म्हणून अँटेनाही ४० मीटरचा, २० मीटरच्या दोन काठ्यांचा. (मे २००५ मध्ये उघडताना एका काठीचा एक सांधा अडकला. यान वळवून ती बाजू उन्हात धरली, तेव्हा सांधा बसला.) याच रडारनं दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली दीड किलोमीटरवर एक झगझगीत परावर्तन पकडलं, सुमारे २० किलोमीटर रुंद. २०१८ मध्ये इटालियन गटानं जाहीर केलं: खाली द्रवरूप पाणी. खालून येणारा प्रतिध्वनी पृष्ठभागापेक्षाही जोरकस असणं हे खरोखर विचित्र आहे, आणि पाण्यानं ते होऊ शकतं.

पण आणखी कशानं होऊ शकतं? २०२१ मध्ये कॅनडातल्या आयझॅक स्मिथ यांच्या गटानं ओलसर स्मेक्टाइट चिकणमाती गोठवून मोजली. तीही तसंच परावर्तन देऊ शकते असं निघालं. स्मेक्टाइट म्हणजे आपल्या काळ्या मातीतली तीच चिकणमाती, बेसाल्ट झिजून तयार झालेली. मला अजिबात नवल वाटलं नाही. २०२५ मध्ये दुसऱ्या यानावरच्या शराद रडारनं त्याच जागी नजर टाकली; यानाच्याच अंगाची आड येऊ नये म्हणून ते १२० अंश कलवलं. प्रतिध्वनी मिळाला, पण क्षीण. तळं असतं तर तो बराच जोरकस हवा होता, असं त्या गटाचं म्हणणं. माझं मत विचाराल तर मी तळ्यावर पैज लावणार नाही. पण मार्सिसवाल्यांना हसणाऱ्यांतलाही मी नाही. त्यांचं मोजमाप चोख आहे, भांडण त्याच्या अर्थावर आहे.

आता सगळ्यांचे डोळे लागलेत ते गुरूच्या बर्फाळ युरोपा उपग्रहाकडे. युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं, २०३० मध्ये पोचेल. त्याच्या रडारला दोन लहरी दिल्यात. ६० मेगाहर्ट्झची बर्फाच्या वरच्या थरांचं बारीक चित्र देईल, ९ मेगाहर्ट्झची खोल उतरेल. पण गुरू स्वतःच कमी वारंवारतेवर प्रचंड रेडिओ गोंगाट करतो, त्यामुळे ९ ची लहर कामाची ती युरोपाच्या गुरूकडे पाठ असलेल्या बाजूवर.

तेव्हा 'युरोपाच्या बर्फात पाण्याचा कप्पा सापडला' अशी बातमी आली, तर मला फोन करण्याआधी एवढं बघा: कप्पा पृष्ठभागाजवळ, किलोमीटर-दोन किलोमीटरवर असेल तर तो दोन्ही लहरींना दिसलाय का, आणि त्याच खोलीवर दिसलाय का. एकीलाच दिसला असेल तर बर्फात मीठ किती धरलंय ते शोधा (खारट बर्फातही लहर जिरते), आणि मग करा फोन.