तुम्ही विचारलंत म्हणून: मुली टीममध्ये टिकतात कशा?

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत मला फोन येतात. दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापक असतात, कधी मुलींचे आईवडील असतात. प्रश्न एकच. "मॅडम, मुली रोबोटिक्स क्लबमध्ये येतात, पण पुढे दिसत नाहीत. तुमच्याकडे कशा टिकतात?"

येण्याची वाट आता बरीच मोकळी झाली आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीला मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींची फीही माफ झाली. एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला, क्लबच्या पहिल्या मीटिंगला मुली खच्चून येतात. टीईपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत, दोघी-तिघी उरतात. मधल्या काळात काय होतं, ते मी स्वतः भोगलं आहे.

२००८ साली एबीयू रोबोकॉन या आशिया-पॅसिफिक देशांतल्या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेचं यजमानपद पुण्याकडे होतं आणि खेळ होता दहीहंडीचा. टांगलेल्या मडक्यांतलं लोणी रोबोंनी काढायचं. आमच्या टीममध्ये दहा मुलगे आणि आम्ही दोघी. माझ्याकडे फाइल होती. रिपोर्ट, ड्रॉइंग, बिलं, सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात. ऐन सामन्याआधी पिटमध्ये, म्हणजे रोबो तयार ठेवायच्या जागेत, बॉटचं एक चाक फिरेना. सर्किट मीच काढलेलं, त्यामुळे कोणत्या सांध्यात वायर सुटली असणार हे मला लगेच कळलं. सोल्डरिंग गन समोर तापत होती. पण ती मी कधी हातात धरलेलीच नव्हती. मी बोट दाखवलं आणि दुसऱ्याने सांधा जोडला. त्या दोन मिनिटांची बोच अजून गेलेली नाही.

मला कोणी अडवलं नव्हतं. उलट सगळे जिवाला जीव देणारे होते. दर वेळी कोणीतरी प्रेमाने म्हणायचं, "दे, मी करतो." मुली गळतात त्या या तीन शब्दांनी, असं माझं ठाम मत आहे. वर्षभर हातातलं हत्यार असं काढून घेतलं गेलं की वर्षाच्या शेवटी आपल्याला पीपीटीच तेवढी येते. मग जी मुलगी फक्त पीपीटी करते, तिने टीममध्ये का राहावं?

म्हणून आमच्याकडे पहिला नियम आहे: दुसऱ्याच्या हातातलं हत्यार घ्यायचं नाही. बार्शीहून आलेली एक मुलगी ॲल्युमिनियमच्या पट्टीत एम-४चे, म्हणजे चार मिलिमीटरच्या स्क्रूचे, आटे पाडत होती. भोक ३.३ मिलिमीटरचं, बरोबर होतं. पण ती टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, सरळ रेटत राहिली आणि तो कट्कन मोडला. दुसराही मोडला. शेजारचा सिनियर पुढे आला, मी त्याला नुसती मान हलवून थांबवलं. तिसऱ्या वेळी तिने केरोसीनचे दोन थेंब टाकले, एक फेरा पुढे, थोडं मागे, कीस मोडला की पुन्हा पुढे. पंधरा मिनिटं लागली. स्क्रू हाताने बसला तेव्हा तिने तो तीनदा काढून पुन्हा लावला. दोन टॅपचे पैसे क्लबने भरले. माझ्या लेखी त्या वर्षीचा तो सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च.

दुसरा नियम कागदाचा. ज्याने भाग बनवला, त्यानेच त्याचा रिपोर्ट लिहायचा. मुलांचं अक्षर त्यामुळे सुधारलं, हेही सांगायला हवं.

तिसरी गोष्ट रात्रीची, आणि ती सगळ्यात अवघड. मुलींच्या हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं. मुलं वर्कशॉपमधून निघून टपरीवर चहाला जातात, आणि तिथे रात्री एक वाजता ठरतं की ग्रिपरचं, म्हणजे रोबोच्या पकडीचं, डिझाइन बदलायचं. सकाळी मुलगी येऊन बघते, तर तिने चार दिवस खपून केलेला भाग कोपऱ्यात पडलेला. कोणाच्याही मनात वाईट नसतं. पण असं दोनदा झालं की ती यायची बंद होते. आता आमच्याकडे कामाची वेळ चार ते नऊ आहे आणि फळ्यावर सगळ्यांसमोर लिहिल्याशिवाय कोणताही बदल होत नाही. स्पर्धेआधीच्या आठवड्यात रात्री थांबावंच लागतं. तेव्हा रेक्टरकडून परवानगी काढते, घरी फोन करते, आणि मी स्वतः थांबते. वडील विचारतात, "तुम्ही असाल ना?" मी असते.

काहीजण म्हणतात, मुलींची वेगळीच टीम करा. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये फक्त मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. तिथे पान्हा धरायला मुलींशिवाय दुसरं कोणी नसतंच, त्यामुळे "दे, मी करतो" हा प्रश्नच उरत नाही. मला त्याचं मोल पूर्ण पटतं. पण आमचं कॉलेज मुलामुलींचं आहे आणि पुढे कारखान्यातही दोघं एकत्रच असणार. वेगळी टीम केली तर आमचे मुलगे हात मागे घ्यायला कधी शिकणार?

आता आईवडिलांसाठी. मुलीला क्लबमध्ये घालताना ट्रॉफ्या किती मिळाल्या ते विचारू नका. वर्कशॉपची किल्ली कोणाकडे असते, ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती मुलांच्या हॉस्टेलमध्ये खिळ्याला टांगलेली असते. आमच्याकडे यंदा ती बार्शीच्या मुलीकडे आहे. सकाळी सातला कुलूप काढते.