नाशिकरोड ते रिओ, आणि पुन्हा कोर्टात

गुरुवार, रात्र

मिनू मसानींच्या कुठल्याही परिचयात तीच यादी असते: बॅरिस्टर, मुंबईचे महापौर, घटना समितीचे सदस्य, ब्राझीलमधले भारताचे राजदूत. वाचणाऱ्याला वाटावं, माणूस एकेक पायरी चढत वर गेला. सध्या त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतेय आणि मला त्यात वेगळंच दिसतंय. मिळालेल्या जागेला ते चिकटून राहिले नाहीत. मत बदललं की उठले, आणि का उठलो ते चारचौघांत सांगितलं. आमच्या बाररूममध्ये "वकिलीतून पुढे काय?" हा प्रश्न रोज निघतो, म्हणून हे लिहून ठेवतेय.

जन्म १९०५ चा, मुंबईच्या पारशी घरातला. वडील सर रुस्तम मसानी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मुलगा लंडनला शिकला, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाला आणि विशीतच मुंबई हायकोर्टात वकिली करू लागला. असं घर आणि अशी सनद असताना वकिली कशी जमली असती हे सांगायला नको. पण सविनय कायदेभंग सुरू झाला, ब्रीफ बाजूला पडल्या आणि बॅरिस्टरसाहेब आमच्या नाशिकरोडच्या जेलमध्ये आले.

विधी सेवेच्या कामासाठी मीही त्या जेलमध्ये जाते. मोबाईल बाहेर ठेवायचा, रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही. मग मोठ्या दरवाजातल्या दिंडी दरवाजातून वाकून आत. कितीही मोठा वकील असो, तिथे मान खाली घालूनच जावं लागतं. समोर बसलेला बंदी पहिल्यांदा केसबद्दल विचारतच नाही. विचारतो, "मॅडम, घरून कोणी आलं होतं का?" जेल रोडवरून रोज हजारो लोक जातात, गणपतीच्या आधी कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती हौसेनं घेतात. पण १९३२-३३ मध्ये या भिंतींआड काय शिजत होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तिथे मसानींबरोबर जयप्रकाश नारायण होते, अच्युतराव पटवर्धन होते, अशोक मेहता, नानासाहेब गोरे होते. सगळे ऐन तारुण्यातले, वाचणारे, वाद घालणारे. स्वराज्य मिळाल्यावर ते कोणाचं असणार, शेतकऱ्याचं की सावकाराचं, यावर त्यांच्या चर्चा चालत. त्यातूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश सरचिटणीस, मसानी सहचिटणीस. याच तुरुंगात साने गुरुजी रात्री जागून लिहीत होते. आणि त्याच वर्षांत बाहेर, इथून काही मैलांवर, काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू होता. एका गावात एकाच वेळी एवढं चाललं होतं, हे नाशिकच्या प्रत्येक शाळेत शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मसानी रशियाला जाऊन आले होते आणि सुरुवातीला त्या देशावर त्यांचा जीव होता. पुढे स्टॅलिनच्या राजवटीतले खटले, कबुलीजबाब, गोळ्या घालणं हे सगळं बाहेर आलं. आरोपी भर कोर्टात स्वतःच स्वतःविरुद्ध बोलतोय, हे वकिलाच्या कानाला कसं लागलं असेल! इकडे पक्षात कम्युनिस्टांना घेण्यावरून मतभेद वाढले आणि १९३९ मध्ये, ज्या पक्षाच्या पायाभरणीत ते होते, तोच त्यांनी सोडला. लोकांनी दलबदलू म्हटलं. मला तसं वाटत नाही. पुरावा बदलल्यावर युक्तिवाद बदलायला धैर्य लागतं, आणि ते आमच्या धंद्यातसुद्धा फार कमी जणांकडे असतं.

१९४३ मध्ये, चाळिशीच्या आत, ते मुंबईचे महापौर झाले. परिचय लिहिणारे हे पद एका ओळीत उरकतात, त्याची मला हळहळ वाटते. पाणी, गटारं, रस्ते, दवाखाने यांचा हिशेब ज्यानं जवळून पाहिला आहे, त्याला राज्य म्हणजे काय हे भाषणांतून शिकावं लागत नाही. नाशिक महापालिकेत मार्च २०२२ नंतर बराच काळ प्रशासकाचा कारभार होता. तेव्हा गल्लीतल्या फुटलेल्या पाइपलाइनसाठी कोणाचं दार वाजवायचं, हे आम्ही सगळ्यांनीच अनुभवलंय. नगरसेवक नसला की नागरिक नुसता अर्जदार उरतो.

घटना समितीतली त्यांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत समान नागरी कायदा हक्कांच्या भागात हवा, कोर्टातून बजावून घेता न येणाऱ्या नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांत नको, असं म्हणून हंसाबेन मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांच्याबरोबर त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. बहुमत विरुद्ध असताना नावानिशी नोंदवलेलं मत होतं ते. कौटुंबिक न्यायालयात माझ्यासमोर रडणाऱ्या बायका आठवल्या की त्या तिघांची ती सही डोळ्यांपुढे येते.

राजदूतपद मात्र थोडक्यातच संपलं. १९४८ मध्ये रिओ द जानेरोला गेले (तेव्हा ब्राझीलची राजधानी तीच होती) आणि पुढच्या वर्षी परत आले. पुढे नेहरूंच्या आर्थिक धोरणाशी त्यांचं उघड वाजलं आणि १९५९ मध्ये राजाजींबरोबर त्यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. १९६७ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे ४४ खासदार लोकसभेत होते. त्यांचं अर्थकारण मला सगळं पटत नाही. बाजारावर त्यांनी टाकलेला विश्वास कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात राहून टाकता आला नसता, असं माझं ठाम मत आहे. पण विरोधी पक्ष म्हणजे आरडाओरडा नव्हे, अंदाजपत्रक वाचून केलेला विरोध, हा धडा त्यांनी घालून दिला.

माझ्या लेखी मसानींची सगळ्यात मोठी कामगिरी पुढेच आहे. आणीबाणीत 'फ्रीडम फर्स्ट' या त्यांच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरनं अडवला. बहुतेक जण गप्प होते. सत्तरीचे मसानी हायकोर्टात गेले, या वेळी अर्जदार म्हणून. एकल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला, सरकार अपिलात गेलं आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये खंडपीठानंही निकाल त्यांच्याच बाजूनं कायम केला. सगळ्यांनी एकाच सुरात बोलावं यासाठी सेन्सॉरचे अधिकार नाहीत, टीका करणं हा गुन्हा नाही, असं न्यायमूर्ती मदन यांनी लिहिलं. हजारो लोक विनाचौकशी आत असताना लिहिलं. ज्या हायकोर्टातली वकिली त्यांनी तरुणपणी सोडली होती, तिथूनच त्यांना हे मिळालं. ब्राझीलपेक्षा हे पद मोठं आहे, अर्जदाराचं.

शेवटच्या काळात देवळालीच्या लेस्ली साहनी केंद्रामुळे त्यांचा नाशिकशी पुन्हा संबंध आला. तिथे तरुणांसाठी लोकशाहीच्या प्रशिक्षणाची शिबिरं होत. १९९८ मध्ये ते गेले.

सेन्सॉरच्या त्या अपिलाचा, म्हणजे बिनोद राव विरुद्ध मसानी हा निकाल १९७६ च्या बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये आहे. उद्या बारच्या ग्रंथालयात तो खंड शोधायचाय. नसेल तर मुंबईहून झेरॉक्स मागवते. महिन्याच्या अभ्यासवर्गात ज्युनिअरांकडून तो मोठ्यानं वाचून घ्यायचा, निदान महत्त्वाचा भाग तरी, आणि मग तुरुंगाच्या भेटीला त्यांना बरोबर न्यायचं. परवानगीचा अर्ज सोमवारी देते.