काळी एक आणि आमचा सूर

7 ऑक्टोबर 2025, मंगळवार. रात्रीचे साडेदहा.

काल कोजागरी झाली. भाद्रपद पौर्णिमेपासून बसलेल्या भुलाबाईची गाणी संपवून पोरी खिरापत ओळखण्याच्या गडबडीत होत्या, तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही अकरा जणी चुलीवरच्या दुधाभोवती बसलो होतो. दवामुळे खंजिरीचे चामडे सैल पडले होते. माझ्या धाकट्या जावेने ती चुलीच्या धगीपाशी धरून शेकली, बोटाने टिचकी मारून ऐकली, पुन्हा शेकली, आणि मनासारखा बोल निघाला तेव्हाच मांडीवर घेतली. तीन वर्षांपूर्वी हीच मला म्हणाली होती, "वहिनी, वाद्याले हात लावणं आपलं काम नाही." त्या वाक्यापासून कालच्या टिचकीपर्यंतचे अंतर आम्ही कसे कापले, ते विसरण्याआधी लिहून ठेवते.

माझे गाणे माहेरी सुरू झाले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आणि लग्न होऊन तिवसा तालुक्यातल्या या गावी आले. मोझरीचा गुरुकुंज आश्रम येथून जवळ आहे. तो वसवणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1968 साली देह ठेवला, तरी सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरचे भजन या भागाच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळे बाईने गाणे आमच्याकडे कधी वर्ज्य नव्हते, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. बाया गात होत्या, पण मागे गात होत्या. पुढे म्हणणारा पुरुष असे आणि पेटी त्याच्या सुरात, म्हणजे काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात), धरलेली असे.

त्या काळी एकने माझी आठ वर्षे खाल्ली. खालच्या सप्तकात घ्यावे तर मुखडा घशातच विरून जाई आणि वरच्या सप्तकात घ्यावे तर अंतऱ्याला आवाज फाटे. ऐकणाऱ्यांनी ठरवले की सुनेचा आवाज लग्नानंतर बसला, आणि मीही ते मान्य करून टाकले. एका दुपारी घरात कोणी नसताना मोबाइलवर तानपुरा लावला आणि माहेरच्या सवयीने काळी चार धरली. पहिला षड्ज, म्हणजे सा, लागताच मी उठून दाराची कडी घातली, कारण मला रडू आवरेना. आवाज बसलेला नव्हता. तो दुसऱ्याच्या पट्टीत कोंबलेला होता.

पुढची अडचण तबल्याची होती. गावात एकच तबला, तोही काळी एकला मिळवलेला, आणि काळी चारसाठी मोठ्या तोंडाचा दुसरा तबला घेण्याइतके पैसे कोणाकडे नव्हते. उपाय माझ्याच शिक्षणात होता. काळी चारला षड्ज धरला की काळी एक हा तिचा मध्यम, म्हणजे म, होतो, आणि काळी तीनला षड्ज धरला की तीच काळी एक पंचम, म्हणजे प, होते. म्हणजे तबल्याला हात न लावता दोन वेगवेगळ्या बायांना आपापल्या सुरात गाता येते. भूपासारख्या, मध्यमच नसलेल्या रागावर बांधलेली चाल असली की मध्यमातला तबला कानाला खटकतो, म्हणून तशी भजने आम्ही काळी तीनवालीला देतो. इतकी साधी गोष्ट मला इतक्या उशिरा सुचली, याचे दुःख मला आजही आहे. माझ्या आधीच्या किती जणी आपला आवाजच वाईट आहे असे समजून गप्प झाल्या असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

सुरुवातीला आम्ही तिघी होतो: मी, जाऊ आणि अंगणवाडीतल्या ताई. नंतर पलीकडच्या गावातल्या बौद्ध विहारात भीमगीते गाणाऱ्या दोन मावशी आल्या, आणि खरे शिक्षण तेव्हा सुरू झाले. त्या कोणाच्या मागे म्हणत नव्हत्या. उभ्या राहून, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून, शब्द न चोरता गात होत्या. आम्ही भजनात मान खाली घालून गाणाऱ्या. मान वर केली की श्वास किती मोकळा होतो, हे मला मध्यमा परीक्षेच्या पुस्तकाने शिकवले नाही, त्यांनी शिकवले. पहिली बैठक विहारात ठेवली तेव्हा, तोवर आमच्यात सामील झालेल्या बायांपैकी दोघी आल्या नाहीत. त्या दीड महिना आल्या नाहीत. मी त्यांना समजावायला गेले नाही, फक्त प्रत्येक बैठकीचा निरोप पाठवत राहिले. एक परत आली, दुसरी अजून आलेली नाही, आणि तिची जागा मी मनात भरू दिलेली नाही.

मानधनाचेही लिहायला हवे. दोन वर्षांपूर्वी एका गावाच्या सप्ताहात आम्ही पूर्ण रात्र गायलो. साथीला आलेल्या पुरुष वादकांना पाकिटे मिळाली आणि आम्हाला साडीचोळी व नारळ. साडीचा मी अपमान करत नाही, परंतु रिक्षाचे भाडे साडीने देता येत नाही. आमच्यातली एक जण दुसऱ्या दिवशीची वेचणीची मजुरी बुडवून आली होती, आणि कापूस किलोवर वेचणाऱ्या बाईला बुडालेला दिवस म्हणजे काय, हे आयोजकांना ठाऊक असायला हवे होते. गायिका हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा कुलीन बाई आणि पैसे घेऊन गाणारी बाई या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. ते ओझे शहरात उतरले असेल, गावात अजून आहे. आता आम्ही निमंत्रण येताच रक्कम सांगतो आणि ती सर्वांत सारखी वाटतो. निमंत्रणे कमी झाली, हेही खरे आहे.

नावाचा प्रश्न त्याहून जिव्हारी लागला. अंगणवाडीतल्या ताईंनी सोयाबीन सोंगण्यावर स्वतः रचलेले गाणे आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठवले, आणि ते फिरत फिरत कोणा परक्याच्या नावाने परत आमच्याच मोबाइलवर आले. ताई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतर मी वाचून काढले की आपल्या कायद्यात रचना कागदावर उतरली की हक्क रचणाऱ्याचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मात्र ते कोणाचे हे दाखवता आले पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी सोबत टिपून ठेवले. ते वाचले त्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. तिच्यात तीन रकाने आखले आहेत: नाव, गाव, सूर. नावाआधी सौभाग्यवती किंवा श्रीमती लिहायचे नाही, असे सर्वांनी मिळून ठरवले. रचना असेल तर तारीख आणि दोघींच्या सह्या.

काल दूध आटत आले होते तेव्हा शेजारच्या आजी, ज्या तीन वर्षे फक्त ऐकायला येत होत्या, हळूच म्हणाल्या, "माया सूर कोन्ता हाये, पाह्य ना व माय." मी पेटी पुढे ओढली. काळी चारपासून सुरुवात केली, त्यांनी मान हलवली. काळी तीन, नाही. पांढरी सहा दाबली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि भुलाबाईच्या एका जुन्या गाण्याची पहिली ओळ सरळ त्या सुरावर ठेवली, जरासाही हिसका न देता. जावेने खंजिरी थांबवली. कोणीच मागे म्हटले नाही. आजींनी पाचही कडवी एकट्याने म्हटली.

मी वही उघडून त्यांचे नाव लिहिले, सून म्हणून आल्या ते गाव लिहिले, पांढरी सहा लिहिले. त्यांनी वाकून पाहिले. अक्षरे त्यांना लागत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवले. म्हणाल्या, "माहेरचं गाव बी लिव्ह. गाणं तिकडचं आहे." चौथा रकाना आखलेला नव्हता. मी समासात लिहिले.