सिंगापूरच्या क्रूझवर टॅब आणि नेट कसं सांभाळलं – माझा अनुभव

जुलैत सांगली सोडून जायचं म्हणजे जिवावर येतं, हे नदीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाऊस लागला की आमच्याकडं जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारत असतो, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं तेव्हा आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. त्यामुळं ह्यांच्या मित्रांच्या ग्रुपनं सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ नेमकी जुलैची ठरवली तेव्हा मी पहिला प्रश्न केला, जहाजावर नेट असतं का. घरी सासूबाई आणि पुतण्या दोघंच राहणार, रोजची पातळी कळल्याशिवाय मला घास गोड लागला नसता. आईच म्हणाल्या, "जावा तुम्ही दोघं, पाणी चाळीसच्या पुढं चढलं तर सामान माळ्यावर टाकून मी आणि हा विश्रामबागला ताईकडं जातो की, त्यात काय एवढं." मग हो म्हटलं.

नेट असतं, पण घरच्यासारखं नसतं. समुद्रात टॉवर नाही, सगळं सॅटेलाइटवरनं येतं आणि ते हजारो माणसांत वाटलं जातं. जुन्या पद्धतीचे सॅटेलाइट जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असतात, आपलं बोलणं त्यावरनं जाऊन समोरच्याचं उत्तर यायलाच अर्धा सेकंद जातो म्हणून व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच बोलायला लागतात. आता बऱ्याच जहाजांवर स्टारलिंक कंपनीचं नेट आलंय, त्यांचे सॅटेलाइट साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळं ही अडचण बरीच कमी झालीये. पण पॅकेज मात्र दर दिवसाला आणि दर डिव्हाइसला असतं, हे नीट लक्षात घ्या. नवराबायकोचे दोन फोन आणि एक टॅब असं तिन्ही जोडायला गेलात तर तिप्पट पैसे.

आम्ही ठरवलं की पॅकेज एकच घ्यायचं, तेही टॅबवर चालवायचं आणि फोन दोन्ही एअरप्लेन मोडवर ठेवायचे. टॅबची स्क्रीन मोठी, आईंचा चेहरा नीट दिसतो, आणि सिमच नसल्यामुळं त्यावर रोमिंगचं बिल यायची भीती नाही. पॅकेज निघायच्या आधीच ऑनलाइन घेतलं, जहाजावर चढून घेण्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

खरी मेहनत घरीच केली आणि तीच कामाला आली. व्हॉट्सॲप माझ्या फोनवर आहे, ते टॅबला लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडलं. जोडताना फोनला नेट लागतं म्हणून हे घरूनच करून जायचं, एकदा जोडलं की फोन बंद असला तरी टॅबवर मेसेज येत राहतात. फक्त फोन दोन आठवडे अजिबात ऑनलाइन आला नाही तर टॅब आपोआप लॉगआउट होतो, पण तेवढी लांब ट्रिप आपली नसतेच. सिंगापूर, जॉर्जटाउन आणि फुकेतचे गूगल मॅप ऑफलाइन उतरवून घेतले, ह्यांच्यासाठी ज्ञानेश्वरीची पीडीएफ, चारपाच नाटकं, पासपोर्ट-व्हिसा-इन्शुरन्सचे कागद सगळं टॅबमधेच सेव्ह केलं. आणि मग घरातलं वायफाय बंद करून एकेक उघडून बघितलं. हे जरूर करा, कारण कितीतरी ॲपमधे डाउनलोड झालंय असं दिसतं आणि नेट नसलं की उघडतच नाही, ते समुद्रात कळून उपयोग नाही.

फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद, ॲप अपडेट बंद, व्हॉट्सॲपमधे फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड वायफायवरसुद्धा बंद. बॅकअप चालू राहिला तर दिवसभर काढलेले फोटो गुपचूप वर चढत बसतात आणि तुमचा साधा मेसेज अडकतो. जहाजाचं वायफाय जोडल्यावर सेटिंगमधे त्या नेटवर्कला मीटर्ड करता येतं, म्हणजे टॅबला वाटतं की हे मोजून मिळणारं नेट आहे आणि तो मागच्या मागं काही ओढत बसत नाही. हे एक सेटिंग मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

बँकेचं एक सांगते. फोन एअरप्लेनवर म्हणजे एसएमएस नाही आणि एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही. जे काही पैशाचं काम असेल, वीजबिल, हप्ता, एफडी, ते सांगलीतच उरकून निघा.

मरिना बे क्रूझ सेंटरवरनं जहाज सुटायच्या आत आम्ही फोन एअरप्लेनवर टाकले. किनारा लांब गेला की जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क चालू होतं आणि फोन आपला आपण त्याला चिकटतो, ते नेहमीच्या रोमिंग पॅकमधे बऱ्याचदा धरलेलं नसतं आणि दर भयंकर असतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या फोनवर तसा वेलकम मेसेज आलासुद्धा, मी शेजारीच होते म्हणून लगेच बंद करायला लावला. एअरप्लेन मोड टाकून मग वायफाय वेगळं चालू करता येतं हे आपल्याकडच्या बऱ्याच ज्येष्ठांना माहीत नसतं, त्यांना कुणीतरी हातानं करून दाखवलं पाहिजे.

लॉगिनला वेळ लागला. वायफायला टॅब जोडला जात होता पण ते पान, जिथं केबिन नंबर आणि जन्मतारीख टाकायची, उघडतच नव्हतं, नुसतं पांढरं. दोनदा बंद-चालू करून झालं. शेवटी खाली इंटरनेटच्या काउंटरवर गेले, तिथल्या मुलानं सेटिंगमधे जाऊन प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे वेबसाइटचे पत्ते कुठून शोधायचे ते ठरवणारं सेटिंग, बघितलं, पुतण्यानं कधीतरी जाहिराती येऊ नयेत म्हणून त्यात एक पत्ता घातलेला होता. तो काढून ऑफ केल्याबरोबर पान आलं. व्हीपीएन चालू असलं तरी असंच होतं म्हणे. काउंटरवरच्या त्याच मुलानं वायफायच्या सेटिंगमधे रँडम मॅकच्या जागी डिव्हाइस मॅक करायला सांगितलं (मॅक म्हणजे नेटवर्कवर डिव्हाइस ओळखायचा नंबर), म्हणजे जहाजाच्या सिस्टिमला दरवेळी तोच टॅब दिसतो, नवीन डिव्हाइस वाटत नाही. आणि लॉगआउटचं पान बुकमार्क करून दिलं. ह्यांना फोनवर काही बघायचं असलं की मी टॅबवरनं लॉगआउट करायची, मग ते फोनवर लॉगिन करायचे, एकाच पॅकेजमधे दोघांचं भागलं.

केबिनमधे रेंज कमी येते, भिंती सगळ्या लोखंडाच्या. आमच्या केबिनमधे दाराजवळच्या कोपऱ्यात बरं यायचं, आतमधे पलंगावर मात्र नेट तुटायचं. रात्री जेवणानंतर सगळे एकदम फोटो टाकायला बसतात तेव्हा नेट रडतं, पहाटे मात्र पळतं. आपली वेळ सिंगापूरच्या अडीच तास मागं, त्यामुळं जहाजावर साडेआठ म्हणजे घरी सहा. आई तेव्हा उठलेल्याच असतात. रोज त्या वेळेला मी टॅब घेऊन वरच्या डेकवर लायब्ररीत जायची, तिथं गर्दी नाही आणि रेंज चांगली.

पेनांग सोडून फुकेतकडं निघालो त्या रात्री जोराचा पाऊस लागला आणि नेट गेलं. मोठ्या पावसात सॅटेलाइटचा सिग्नल कमी होतो, हे काउंटरवरच्या मुलानं समजावून सांगितलं, पण इकडं कोयनेतनं पाणी सोडल्याची बातमी आदल्या दिवशी वाचलेली, त्यामुळं माझं लक्ष कशात लागेना. सकाळी व्हिडिओ कॉल लागत नव्हता, पुतण्यानं पुलावरनं पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचा फोटो पाठवलेला तो नुसता गोल गोल फिरत होता. मी एक ओळ टाईप केली, "फोटो नको, आकडा लिही." ती गेली. थोड्या वेळानं उत्तर आलं, "३७, स्थिर आहे काकू, आजीनं चहा घेतला." केवढा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू. त्या दिवसापासनं पुतण्याला सांगून ठेवलं, आधी आकडा लिहायचा मग फोटो. नेट कितीही मरगळलेलं असलं तरी चार अक्षरं जातात, चार एमबीचा फोटो जात नाही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, तर निघायच्या आधीच असं बोलून ठेवा की महत्त्वाचं ते लिहूनच पाठवायचं.

बंदरावर उतरलं की वेगळा कारभार. पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउनला लागतं, तिथं ह्यांच्या फोनवरचं रोमिंग पॅक चालू केलं, हॉटस्पॉटवर टॅब जोडला आणि मोठे व्हिडिओ तिथनं पाठवले. परत जहाजावर चढलं की फोन पुन्हा एअरप्लेन. फुकेतला पाटोंगजवळ जहाज समुद्रातच थांबवतात आणि छोट्या बोटीतनं नेतात, आणि थायलंडची वेळ मलेशियाच्या एक तास मागं आहे. फोन किनाऱ्यावरची वेळ आपोआप धरतो, जहाजाची वेळ तीच असेल असं नाही, आणि परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळावर असते. म्हणून टॅबवर ऑटोमॅटिक वेळ बंद करून जहाजाची वेळ हातानं लावून ठेवली आणि आख्खा ग्रुप त्यावर चालला.

चार्जिंगचंही बघून जा. केबिनमधे अमेरिकन आणि युरोपियन सॉकेट होते, आपली तीन गोल पिनांची पिन बसत नाही, ॲडॉप्टर लागतो. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, चेकिंगला काढून ठेवतात. तीनचार यूएसबीचा एकच चार्जर पुरतो.

शेवटच्या रात्री केबिनच्या खात्याचं बिल काउंटरवरनं छापून घेतलं. आमच्या बिलात इंटरनेटचं दुसरं डिव्हाइस लागलेलं दिसलं, पहिल्या दिवशी लॉगिन होत नव्हतं तेव्हाच्या प्रयत्नात ते धरलं गेलं होतं. मी पॅकेजची पावती टॅबमधे पीडीएफ करून ठेवलेली, ती दाखवली, त्यांनी तिथल्या तिथं रक्कम काढली. हे उतरायच्या आधीच करायचं, कारण सकाळी उतरायच्या गडबडीत काउंटरवर भली मोठी रांग असते आणि एकदा कार्डावरनं पैसे गेले की मग नुसती ईमेलची देवाणघेवाण करत बसावं लागतं.